वरच्या मजल्याची हिरवी ओळ

दुपारी पावणेचार वाजले की ऑपरेटरबाई चष्मा पुसायच्या, मोबाईलवर ते पान उघडायच्या आणि वरच्या मजल्यावर भाऊ टीव्हीपुढं बसलाय का ते बघायच्या. पानावर दोनच ओळी. ओळ करडी असली तर कुणी बघत नाही, हिरवी असली तर बघतंय, आणि हिरव्या ओळीपुढं चॅनलचं नाव. जिना चढायला नको, हाक मारायला नको. सात वर्षं ज्याच्याशी शब्द नाही त्या भावाची खबर बसल्या जागी.

ओळ हिरवी दिसली की बाईंच्या जिवाला बरं वाटायचं. मग त्या आपला टीव्ही लावायच्या, त्याच चॅनलवर. जुन्या सिनेमांचं चॅनल होतं ते. खाली बहीण, वर भाऊ, मध्ये वीतभर जाडीचा स्लॅब, आणि दोघांसमोर एकच नायिका एकाच वेळी डोळे पुसतेय. मध्यंतराला बाई चहा टाकायच्या. वर त्यानंही टाकला असेल, असं धरून चालायच्या.

सहाच्या सुमाराला वरची ओळ विझायची. हा आता फिरायला गेला असणार, बाई मनाशी म्हणायच्या. पूर्वी सातपर्यंत बसायचा, मग साडेसहा झाले, आता सहालाच उठतो. वय झालं, एका जागी पाठ धरते बिचाऱ्याची. एवढं म्हणून त्याही टीव्ही बंद करायच्या. एकटीनं पुढं काय बघायचं.

पस्तीस वर्षं बाईंनी टेलिफोन एक्सचेंजात काढली होती. कानावर हेडसेट, समोर बोर्ड, बोर्डावर शेकडो भोकं आणि प्रत्येक भोकावर मसुराएवढा दिवा. दिवा पेटला की कॉर्ड खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात, झालं बोलणं सुरू. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा बाप गेला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं त्यांच्या हातून गेलं, पण कानातून नाही. जोडायचं आणि कान काढून घ्यायचा, ही तिथली पहिली शिस्त. दुसरी शिस्त त्याहून कडक: बोलणं संपलं की कॉर्ड ओढायची. कॉर्ड भोकात राहिली तर लाइन अडकते, पलीकडं माणूस हॅलो हॅलो करत बसतो आणि त्याला वाटतं जगानंच आपल्याला टाकलं. हेडसेट काढून कॉर्ड विसरणाऱ्या मुलीला सुपरवायझर साऱ्या पाळीसमोर उभं करायची. बाईंना पस्तीस वर्षांत एकदाही उभं केलं नव्हतं, आणि हे त्या कुणालाही, न विचारता, सांगायच्या.

चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. दवाखाना, स्टेशन, आगीचा बंब, गिरणीचा मॅनेजर, मॅनेजरची बायको, आणि मॅनेजर जिथं सापडायचा तोही. मग यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, बाई चौकशीच्या खिडकीवर बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे दोनदा ठरत आलं होतं, दोन्ही वेळा रात्रपाळीनं घोडं अडवलं. आवाज मात्र अजून तोच. भाजी घेताना एखादा म्हातारा वळून बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही ट्रंक कॉलवाल्या का हो? बाईंना त्या दिवशी भाजी महाग मिळाली तरी चालायची.

भाऊ त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. लहानपणी असा गळा काढायचा की शेजारी धावत यायचे, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. मोठा झाला, छापखान्यात मशीनवर लागला, लग्न झालं, मुलगा झाला, पण ताईसाठी भोंगाच. तीस वर्षं छापखान्याच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले. गेले ते त्याला कळलं नाही, घरादाराला कळलं. टीव्हीचा आवाज वाढत वाढत इतका झाला की खाली बाईंच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. बाईंनी आधी सांगून पाहिलं, मग झाडूच्या दांड्यानं छत ठोकून पाहिलं. आणि एका रविवारी, वहिनीच्या माहेरची दहा माणसं जेवायला बसलेली असताना, जिना चढून गेल्या आणि दारातून म्हणाल्या की भोंग्या, बहिरा झालायस तर कानात यंत्र घाल, आमच्या कानांना कसली शिक्षा. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं घात केला.

भोंग्यानं उठून टीव्ही बंद केला. पुन्हा लावला तो आवाज शून्यावर ठेवून. त्या दिवसापासून वरून चकार आवाज आला नाही. रबरी तळाच्या चपला आल्या, खुर्च्यांच्या पायांना बुचं लागली, दारं कापूस लावल्यासारखी मिटायला लागली. बाईंनी थोडी शांतता मागितली होती, भोंग्यानं ती पोत्यानं ओतली. पहिला महिना बाईंना वाटलं, जिंकले. दुसऱ्या महिन्यात वाटलं, उतरेल राग. सातव्या वर्षी त्या छताकडं बघत बसायच्या आणि वर माणूस राहतो की धूळ, ते कळायचं नाही.

बोलणं उरलं होतं ते पाटीवर. जिन्याखाली, मागच्या भिंतीला, पाण्याच्या मोटरचं बटण होतं आणि बटणाशेजारी खिळ्याला शाळेतली जुनी पाटी. मंगळवारी बाई लिहायच्या, मोटर लावली. शनिवारी भोंगा लिहायचा, टाकी भरली. सात वर्षांचा पत्रव्यवहार एवढाच. त्यात ना ताई, ना भोंग्या, ना प्रश्न.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात गच्चीवरचे दोघांचेही अँटेने वाकडे झाले, तेव्हा भोंग्याचा मुलगा सुट्टीवर आला होता. बाईंचा हा एकुलता भाचा, आणि दोन्ही मजल्यांवर ज्याला जेवायला मिळतं असा एकमेव माणूस. त्यानं दोन्ही अँटेने काढून एकच मोठा लावला, त्याची वायर बाईंच्या खोलीत उतरवली आणि राउटरशेजारी साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी ठेवली. एका बाजूनं अँटेन्याची वायर आत, दुसऱ्या बाजूनं राउटरची. ही डबी हवेतली चॅनलं पकडते आणि घरातल्या वाय-फायवर सोडते, त्यानं समजावलं. मग टीव्ही खाली असो वर असो, वायर ओढायची गरज नाही. डबीत ट्यूनर दोन, म्हणजे एका वेळी दोघांना बघता येतं. तिसरा आला तर त्याला जागा नाही.

भोंगा आधी अडून बसला होता म्हणे. तिच्या खोलीतल्या डब्यातलं मी बघणार नाही. भाच्यानं त्याला सांगितलं, अँटेना तुमच्या डोक्यावर आहे, डबी तिच्या पायाशी, कोण कुणाचं खातंय ते तुम्हीच ठरवा. हे पटलं.

चित्र फाटलं तर सिग्नल किती आहे ते फोनवर सांगता यावं, म्हणून भाच्यानं बाईंच्या मोबाईलवर ते पान टाकून दिलं. बाईंनी बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. दोन ओळी, पेटणाऱ्या आणि विझणाऱ्या. बोर्डच तो. कुठली ओळ कुणाची, त्यांनी विचारलं. भाचा घाईत होता. म्हणाला, "आत्या, सोपंय. घरात टीव्ही दोन, ओळी दोन. तुझा बंद असताना एखादी हिरवी दिसली, तर समज बाबा बघतायत."

बाईंनी हा नियम गाठीला बांधला. नियम पाळायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चोरून ऐकण्यातला हा प्रकार नाही ना, अशी टोचणी एकदा लागली होती, पण त्यांनी तिचा निकाल लावला. आपण बोलणं ऐकत नाही, दिवा बघतो. दिवा बघायची ऑपरेटरला मुभाच असते.

आणि खरंच, सकाळी सहाला बातम्यांवर एक ओळ पेटायची, अर्ध्या तासानं विझायची. रात्री सात ते नऊ पुन्हा. पण जीव लागला तो दुपारच्या ओळीला. ती सुरू झाली एक वर्षापूर्वी, भाच्यानं बाईंच्या सत्तरीला टॅबलेट पाठवला त्याच्या आसपास. स्वयंपाकघरातही टीव्ही दिसावा म्हणून पाठवला होता, आणि बाई साडेबाराला भाजी चिरताना तो डब्याला टेकवून लावायच्या. आवाज बाहेर जायला नको म्हणून इयरफोन. घरात आवाज या विषयावर त्या आता सोवळ्या झाल्या होत्या. जेवण उरकलं की इयरफोन कानातून काढायच्या, तेल-वाफ लागू नये म्हणून टॅबलेटवर फडकं टाकायच्या आणि आडव्या व्हायच्या. पावणेचारला उठून पान बघायच्या, तर वरची ओळ हिरवी. सिनेमाचंच चॅनल. भोंग्याला म्हातारपणी सिनेमाचा नाद लागला म्हणायचा. मग त्यांनी आपल्या खोलीतला टीव्ही त्याच्या वेळेला बांधला.

वर्षभरात त्यांनी असे किती सिनेमे पाहिले याला गणती नाही. चांगलं गाणं आलं की त्या छताकडं बघायच्या. एखादा लहानपणी दोघांनी मिळून, कुंपणावर चढून, तंबूच्या फटीतून पाहिलेला सिनेमा लागला की म्हणायच्या, बघ, आठवतं का, तुला मुंगळा चावला होता आणि तू भोंगा सुरू केलास आणि दोघंही पकडले गेलो. हे सगळं मनात. पण मनात बोलायलाही समोर कोणीतरी लागतं, आणि ते त्यांना मिळालं होतं.

वहिनी चार महिन्यांपूर्वी मुलाकडं गेली, सुनेचं बाळंतपण होतं. वर भोंगा एकटा. बाईंचं पान बघणं वाढलं.

मग त्या गुरुवारी भाच्याकडून पार्सल आलं. टॅबलेट सारखा बंद पडतो, चार्जिंग टिकत नाही, अशी बाईंनी तक्रार केली होती, तर त्यानं एक स्टँड पाठवला होता. भिंतीतल्या प्लगला स्टँड लावायचा, टॅबलेट त्यात ठेवून द्यायचा, चोवीस तास चार्ज. बाईंनी तो ओट्यावर बसवला, भाजी केली, सिनेमा बघितला, इयरफोन काढले, फडकं टाकलं.

त्या संध्याकाळी सहा वाजले तरी वरची ओळ विझली नाही.

बाईंना बरं वाटलं. सात वाजले. आज बातम्याही नाहीत, सिनेमाच चालू आहे. कंटाळला असेल बातम्यांना. आठ झाले, नऊ झाले, एकामागून एक सिनेमे, आणि भोंगा जागचा हलत नव्हता. बाईही हलल्या नाहीत. समोरचा फोन ठेवत नाही तोवर आपण कसा ठेवायचा. इतका वेळ कुणाबरोबर बसायची सवय मोडली होती, त्यांना खुर्चीतच डोळा लागला.

शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा टीव्ही चालूच होता आणि मोबाईलवर दोन्ही ओळी हिरव्या. एक आपली. दुसरी वरची, अजून सिनेमावर. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि भोंग्यानं बातम्या लावल्या नव्हत्या.

बाई खुर्चीतून उठल्या. विसरला असेल बंद करायला, त्यांनी स्वतःला सांगितलं. आठ वाजता सांगितलं. दहा वाजता सांगितलं. मग सांगणं थांबलं. त्यांनी खुर्चीवर उभं राहून छताकडं कान लावला. वयाला न शोभणारा उद्योग, पण बघायला कोण होतं. काही ऐकू आलं नाही. ऐकू येणारच नव्हतं. सात वर्षांत आलं नव्हतं ते आज कुठून येणार. जिवंत माणसाचा आवाज नाही आणि मेलेल्याचाही नाही, यात फरक कसा ओळखायचा?

फोन करावा म्हणून मोबाईल घेतला आणि थबकल्या. भोंग्याचा नंबर मध्यंतरी बदलला होता. नवा त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी मागितला नव्हता. मेलेल्या मॅनेजरच्या मेलेल्या बायकोचा नंबर अजून जिभेवर होता, सख्ख्या भावाचा नव्हता. भाच्याला लावला, त्यानं उचलला नाही. नाही उचलला ते बरंच झालं, असंही वाटलं. काय सांगणार होत्या? तुझा बाप कालपासून सिनेमा बघतोय? आणि तुला कसं कळलं आत्या, म्हणून त्यानं विचारलं असतं तर?

अख्खा शुक्रवार त्यांनी टीव्हीपुढं काढला. आपली ओळ बंद करायचा धीर झाला नाही. अडचणीतल्या माणसाची लाइन ऑपरेटर सोडत नाही. वर तो खुर्चीत मान टाकून पडला असेल आणि समोर पडदा चालू असेल, असं चित्र डोळ्यांपुढं यायचं, आणि आपण तोच पडदा खाली बसून बघतोय एवढंच काय ते त्याच्यासाठी करता येतंय, असं वाटायचं. जिना सोळा पायऱ्यांचा. सोळा पायऱ्या आणि एक दार. पण दार वाजवलं आणि तो उभा असला धडधाकट, तर म्हणायचं काय? सात वर्षांनी आलीस ती मी मेलो का बघायला? तोंडात मारल्यासारखं होईल. आणि उघडलंच नाही, तर. त्या दुसऱ्या विचारापाशी त्या पोचायच्या आणि परत पहिल्याकडं यायच्या. शनिवारी मोटर त्याची. शनिवारी तो खाली येईल, बटणाचा खटका ऐकू येईल, मग झालं. शनिवारपर्यंत थांबू.

शनिवार उजाडला. मोटरची वेळ नऊची. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. खटका झाला नाही.

बाई गॅसपुढं उभ्या होत्या, दूध तापत होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि निघाल्या. पायात चपला आहेत की नाही बघितलं नाही, जिन्याखालच्या भिंतीकडं बघितलं नाही, कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. आठव्या पायरीवर गुडघ्यात कळ आली, तिला शिवी घातली. वर पोचून दारावर मूठ मारली. मग तो बहिरा आहे हे आठवून दोन्ही हातांनी बडवलं.

दार लगेच उघडलं. भोंगा समोर उभा होता. पिकलेली दाढी, बनियन, हातात रिमोट. सात वर्षांत खांदे उतरले होते, डोळे वडिलांसारखे झाले होते. त्यानं ताईकडं बघितलं, मग तिच्या उजव्या हाताकडं. हातात दुधाचा डाव होता, टपटप गळत.

"मारायला आलीस?" भोंगा म्हणाला.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत दोनदा बघून घेतलं. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, त्यानं कानामागं हात धरला, आणि ज्या बाईंनी आवाजावरून घर फोडलं होतं त्यांनी दारात उभं राहून गल्लीतल्या कुत्र्यांनी माना वर कराव्यात अशा आवाजात सांगितलं की जिवंत आहेस का ते बघायला आले.

"आहे की," भोंगा म्हणाला. "पण टीव्ही मेला. तो तूच मारलास ना?"

त्यानं बाजूला सरून दाखवलं. खोली स्वच्छ, एका माणसाची. एक खुर्ची, एक कप, टेबलावर औषधांच्या पट्ट्या, आणि श्रवणयंत्राची डबी, बंद. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: सर्व ट्यूनर वापरात आहेत. गुरुवारी संध्याकाळपासून हेच, भोंग्यानं सांगितलं. बातम्या नाहीत, काही नाही. बटणं दाबून बोटं झिजली. म्हटलं, सुचलं असेल तिला सात वर्षांनी. आवाजानं होईना, आता चित्रही तोडलं. तोडू दे. आपण मागायला जायचं नाही. आज मोटरही लावली नाही, म्हटलं बसू दे बिनपाण्याची.

हे सगळं तो शांतपणे सांगत होता, बहिरी माणसं बोलतात तशा आवाजात, कुठं मोठा कुठं बारीक. बाई ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. दोन ओळी, दोन्ही पेटलेल्या. एक खालची. मग दुसरी कोणाची?

"तू सिनेमे बघतोस ना दुपारचे?" त्यांनी ओरडून विचारलं. "चारचे. रोजचे."

भोंग्याला वाटलं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं.

"मी? दुपारी झोपतो मी, पाचपर्यंत. आणि सिनेमा बघून काय करू ताई? गाणी ऐकू येत नाहीत. नुसती तोंडं हलतात. बातम्यांना खाली पट्टी तरी असते वाचायला."

आणि सहाला फिरायला जातोस ते, असं बाई म्हणणार होत्या, पण भोंग्याचा उजवा गुडघा पट्ट्यानं आवळलेला त्यांना दिसला. डाव गळायचा थांबला होता. खाली उंबऱ्यावर दुधाचं लहानसं तळं झालं होतं. भोंग्यानं त्यावर जुना पेपर टाकला.

बाईंनी त्याला एवढंच सांगितलं की चूक झाली, माझ्याकडून एक लाइन अडकून राहिली, आता जाऊन सोडते, तुझा टीव्ही लागेल. तो बरं म्हणाला. दार लावायला हात पुढं केला, लावलं नाही.

"आवाज लाव की भोंग्या," बाई म्हणाल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, पण तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, पूर्वी नंबर सांगायच्या तसा. त्याला ओठांवरून कळलं.

"तुला त्रास होतो."

"होऊ दे."

"मला आता आवाजाचा उपयोग नाही, ताई. यंत्र घातलं तरी नुसती खरखर येते."

"मला आहे," बाई म्हणाल्या.

भोंग्याची मान हलली, हो म्हणून की बघू म्हणून, ते कळलं नाही.

उतरताना जिन्याच्या वळणावरून मागची भिंत दिसते. पाटीवर खडूनं लिहिलं होतं, शुक्रवारी कधीतरी: टीव्ही दिसत नाही. काही केलंस का? बाई कठड्याला धरून तिथंच उभ्या राहिल्या. सात वर्षांतला पहिला प्रश्न त्यानं विचारला होता, आणि तेवढा वेळ त्यांचं लक्ष छताकडं.

स्वयंपाकघरात ओट्यावर स्टँड होता, स्टँडवर फडकं, फडक्याखालून इयरफोन लोंबत होते. बाईंनी एक इयरफोन उचलून कानाशी नेला. आत बारीक आवाजात कोणीतरी गात होतं. फडकं काढलं, तर पडद्यावर बाग, बागेत नायिका. गुरुवार दुपारपासून ती इथं अशीच गात होती, अंधारात, कुणाच्याही कानात नाही.

काखेत कळसा म्हणतात तो असा. टॅबलेट आला तेव्हा भाच्याचा नियम जुना झाला होता, घरात बघणारे तीन झाले होते, आणि नियम गाठीला बांधणाऱ्या बाईंनी गाठ सोडून बघितली नव्हती. टॅबलेटची बॅटरी नवी होती तेव्हा सातला संपायची, मग साडेसहाला, मग सहाला. पाठ धरते बिचाऱ्याची. बाई स्टुलावर बसल्या. एक वर्ष त्या रोज दुपारी आपल्याच ओट्यावरच्या फडक्याखालच्या यंत्राशी बोलल्या होत्या. मुंगळ्याची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. हेडसेट काढला, कॉर्ड राहिली. सुपरवायझर असती तर उभं केलं असतं, आणि पाळीतल्या मुली हसल्या असत्या, आणि तेही चाललं असतं, कुणीतरी असतं.

त्यांनी टॅबलेट बंद केला. खोलीत जाऊन टीव्हीही बंद केला. मोबाईलवर आधी एक ओळ करडी झाली, मग दुसरी. मिनिटभरात पहिली पुन्हा हिरवी झाली. बातम्या. ही मात्र त्याचीच.

भोंग्याला त्यांनी दुपारच्या सिनेमांचं कधीच सांगितलं नाही. भाच्याचा फोन आला तेव्हा त्यालाही नाही. स्टँड छान आहे म्हणाल्या.

त्या दिवशी पावणेचारला त्या सवयीनं उठल्या, चष्मा पुसला, पान उघडलं. दोन्ही ओळी करड्या. वर भोंगा झोपला होता, पाचपर्यंत. बाईंनी टीव्ही लावला, एक ओळ हिरवी झाली, आणि ती त्यांची स्वतःची होती. सिनेमा त्यांनी पंचवीस मिनिटं बघितला. सिनेमा वाईट नव्हता. मग बंद करून कपाटातल्या बश्या काढल्या, पुसल्या, परत लावल्या. चहा केला, एक कप.

सात वाजून दोन मिनिटांनी बश्या वाजायला लागल्या. पहिल्यांदा बाईंना कळलंच नाही काय होतंय. छतातून बातम्या कोसळत होत्या. खिडकीची काच थरथरत होती, समोरच्या घरातून कोणीतरी डोकं बाहेर काढलं. किती मोठा झालाय हे वर ज्यानं बटण दाबलं त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं दाबत दाबत पट्टी शेवटाला नेली असणार, आणि आता न ऐकू येणाऱ्या बातम्यांपुढं, खालची पट्टी वाचत, बसला असणार. बाईंचे कान दुखायला लागले. झाडू दाराआड उभा होता, त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्याला तिथंच राहू दिलं. खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध घेतली, छताखाली, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

नऊ वाजता आवाज बंद झाला. मोबाईल टेबलावर पालथा होता. तो उलटून बघायचं बाईंना कारण उरलं नव्हतं.